खाडी चढते, चित्र लुकलुकते

ठाणे, प्रतिनिधी

ऐरोलीच्या किनाऱ्यावरून ठाणे खाडीकडे तोंड करून कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा, ओहोटी संपली की दर तीस सेकंदांनी एक छायाचित्र घेण्यास सुरुवात करावी आणि भरती पूर्ण होईपर्यंत जागचे हलू नये. सहा तासांत ७२० छायाचित्रे जमतात. सेकंदाला चोवीस या वेगाने ती पडद्यावर सरकवली की अवघ्या अर्ध्या मिनिटात चिखल झाकला जातो, तिवरांची श्वसनमुळे बुडतात आणि रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्याच्या शोधात हळूहळू कडेला सरकतो. निदान तसे दिसावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात संगणकावर चित्र लुकलुकते, क्षितिज थरथरते, मध्येच पाणी एकदम मागे जाऊन पुन्हा पुढे येते आणि शेवटी सॉफ्टवेअर एका अगम्य इंग्रजी ओळीवर अडून बसते. सहा तास उन्हात बसलेला छायाचित्रकार मग सॉफ्टवेअरला दोष देऊन मोकळा होतो.

हा दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो; मात्र ते कसे काम करते याविषयीच्या आपल्या गैरसमजाचा नक्कीच असतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत हौशी छायाचित्रकारांची संख्या मोठी आहे. गच्चीवरून पावसाळी ढग, पुलावरून वाहतूक, खाडीकाठावरून पक्षी असे ‘टाइम-लॅप्स’ टिपण्याचा छंद आता साध्या डिजिटल कॅमेऱ्यावरही जोपासता येतो. शिवाय हा निव्वळ छंद राहिलेला नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला ‘रामसर’ पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी एकाच जागेवरून, ठरावीक अंतराने घेतलेली चित्रमालिका हा उद्याचा दस्तऐवज असतो. गाळ किती साचला, कांदळवन कुठवर सरकले, पक्षी कोणत्या काठावरून उठले, हे त्यातून वाचता येते. म्हणूनच ती नीट प्रक्रिया करून जपणे महत्त्वाचे ठरते.

या कलेचे मराठी मूळही विसरण्याजोगे नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट जेमतेम मिनिटभराचा होता. सेकंदाला सोळा चित्रे हा मूकपटांच्या काळातील साधारण वेग धरला, तर मिनिटभरासाठी सुमारे ९६० चित्रे लागतात. त्यांतील प्रत्येकाचा उजेड सारखा राखण्याची जबाबदारी माणसाच्या डोळ्यावर आणि हातावर होती. आज ती सॉफ्टवेअरवर सोपवली जाते आणि गडबडीला तेथेच सुरुवात होते.

एकेक चित्र आणि मालिका

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले ते एक छायाचित्र दुरुस्त करण्यासाठी. त्या जातीच्या सर्वच सॉफ्टवेअरची मूळ वृत्ती आजही तीच आहे. समोरचे चित्र उत्तम दिसले पाहिजे, एवढेच त्यांना कळते. आधीचे चित्र कसे होते आणि पुढचे कसे असेल, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. मालिकेचे गणित मात्र नेमके उलटे असते. तेथे एखादे चित्र किंचित काळवंडलेले असले तरी चालते, पण शेजारच्या दोघांहून वेगळे असलेले चालत नाही.

एक उदाहरण पाहू. ७२० छायाचित्रे निवडून ‘ऑटो’ या बटणावर बोट ठेवले, तर सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रासाठी स्वतंत्र निर्णय घेते. एका चित्रात ढग आला म्हणून उजेड वाढवते, पुढच्यात ऊन पडले म्हणून कमी करते, तिसऱ्यात पाण्यावर चकाकी दिसली म्हणून रंगांचा तोल बदलते. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी योग्य असतो आणि सर्वांची मिळून जी चित्रफीत होते ती डोळ्यांना असह्य असते. लुकलुकीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांनी पहिली शंका या बटणावर घ्यावी. योग्य मार्ग असा, की मालिकेतील एक प्रातिनिधिक चित्र हाताने दुरुस्त करायचे आणि तीच मूल्ये जशीच्या तशी उरलेल्या सर्वांना लावायची. लाइटरूममध्ये त्यासाठी ‘सिंक’ची सोय आहे, फोटोशॉपमध्ये ‘अॅक्शन’ नोंदवून ठेवता येते. अॅक्शनमध्ये स्वयंचलित पायरी घुसली, तर मात्र तोच घोटाळा पुन्हा होतो.

रंगांच्या बाबतीतही हेच. कॅमेऱ्यातील स्वयंचलित ‘व्हाइट बॅलन्स’ दर चित्रागणिक मत बदलतो. छायाचित्रे ‘रॉ’ स्वरूपात असतील तर सर्वांना एकच मूल्य देऊन हा दोष पूर्णपणे पुसता येतो. जेपेग असतील तर रंग आधीच शिजून गेलेले असतात. दुरुस्ती होते, पण कसर राहते.

आधी हजेरीपट

लुकलुकीकडे वळण्यापूर्वी एका क्षुल्लक वाटणाऱ्या, पण सर्वाधिक डोकेदुखी करणाऱ्या बाबीची दखल घ्यावी लागेल. ती म्हणजे फायलींचे क्रमांक. अनेक कॅमेरे ९९९९ पर्यंत मोजतात आणि मग पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतात. भरतीच्या मध्यावर हा टप्पा आला, तर नावांनुसार लावलेल्या क्रमात भरतीचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर येतो. पाणी उलटे जाताना दिसण्याचे रहस्य इतके साधे असू शकते. दुसरी गफलत शून्यांची. १, २, १० अशी नावे असतील, तर केवळ अक्षरांनुसार क्रम लावणारे सॉफ्टवेअर १ नंतर १० घेते आणि २ पुढे ढकलते. उपाय एकच : छायाचित्र घेतल्याच्या वेळेनुसार क्रम लावून सर्व फायलींना ०००१, ०००२ अशी सारख्या लांबीची नावे नव्याने द्यावीत. ही नावे प्रतींना द्यावीत, मूळ फायलींना हात लावू नये.

चित्रांची चित्रफीत करणारे ‘एफएफएमपेग’ हे मोफत साधन याबाबतीत फार काटेकोर आहे. क्रमांकांनी ओळखायच्या मालिकेची सुरुवात ते शून्याच्या आसपास शोधते. आपली मालिका ४२१३ पासून सुरू होत असेल आणि तसे सांगितले नसेल, तर फाइल सापडत नाही, असे बजावून थांबते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे मधले एखादे चित्र वगळलेले असणे. अस्पष्ट आले म्हणून ३०० क्रमांकाचे चित्र काढून टाकले, की साधन २९९ पर्यंतच चित्रफीत बनवते आणि काम फत्ते झाल्यासारखे गप्प बसते. चित्रफीत अपेक्षेपेक्षा आखूड निघाली, तर प्रथम हजेरी घ्यावी.

स्मरणशक्तीचा हिशेब

‘माझा संगणक अडकतो’ या तक्रारीचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात दोन कोटी चाळीस लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन रंग आणि सोळा बिटांच्या हिशेबाने प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला १४४ एमबी. ७२० चित्रे एकावर एक थर म्हणून उघडण्याचा आग्रह धरला, तर शंभर जीबीहून अधिक जागा लागते. आठ किंवा सोळा जीबीच्या संगणकाने तेव्हा मान टाकली, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. भरतीच्या चित्रफितीसाठी सर्व चित्रे एकाच वेळी उघडण्याची गरजच नसते. एक उघडावे, दुरुस्त करावे, जतन करावे, बंद करावे, मग पुढचे. ‘इमेजमॅजिक’सारखी साधने नेमके हेच करण्यात तरबेज आहेत. अर्थात त्यांनाही शेकडो चित्रे एकाच आज्ञेत वाचायला सांगितली तर तीही सगळी पोटात घेऊ पाहतात. फायली एकामागून एक द्याव्या लागतात.

दुरुस्त केलेली चित्रे थेट चित्रफितीत ओतण्याऐवजी आधी सुटी जतन करण्याचा आणखी एक लाभ आहे. चार तासांचे काम तीन तास पन्नास मिनिटांवर असताना वीज गेली, तर अर्धवट चित्रफीत बहुधा निरुपयोगी ठरते. सुट्या चित्रांत नुकसान होते ते एकाचेच. भारनियमनाची वर्षे अनुभवलेल्या कल्याण-डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज भर दिवसा गेली, तेव्हाही त्याची उजळणी झालीच.

लुकलुकीची चिकित्सा

‘ऑटो’ टाळले, क्रम लावला, तरीही चित्र लुकलुकतेच, असे अनेकांच्या वाट्याला येते. मग कारण कॅमेऱ्यात शोधावे लागते. आधुनिक लेन्सचे अॅपर्चर प्रत्येक छायाचित्रागणिक मिटते आणि पुन्हा उघडते. ते प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी मिटत नाही. केसभर फरकानेही उजेड बदलतो आणि छिद्र जितके लहान, तितका हा फरक ठळक होतो. म्हणून जाणकार अॅपर्चर शक्यतो पूर्ण उघडे ठेवतात किंवा जुनी, हाताने फिरवण्याची लेन्स वापरतात. येथे लाइटरूममधील ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ ही आज्ञा का उपयोगी पडत नाही, हेही समजून घ्यावे. ही आज्ञा शटर, अॅपर्चर आणि आयएसओ यांच्या नोंदी पाहून उजेड जुळवते. नोंदीत प्रत्येक चित्राचे अॅपर्चर ‘एफ ११’च लिहिलेले असते, प्रत्यक्षात ते थोडे चुकले, याचा त्या नोंदीला पत्ताच नसतो. अशा वेळी कागदावरची नोंद बाजूला ठेवून चित्रातला उजेडच मोजावा लागतो.

तो मोजण्याची रीत सोपी आहे. समजा लागोपाठच्या पाच चित्रांचा सरासरी उजेड ११८, १२१, १०४, १२०, ११७ असा आहे. तिसरे चित्र काळवंडले आहे, हे उघड दिसते. पाचांची सरासरी ११६ येते. म्हणून सॉफ्टवेअर तिसऱ्याला ११६ भागिले १०४, म्हणजे सुमारे साडेअकरा टक्क्यांनी उजळवते. पण या सरासरीत ते चुकार चित्र स्वतःच बसलेले आहे आणि त्याने ती खाली ओढली आहे. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधली संख्या घेतली, तर ११८ मिळतात आणि सुधारणा साडेतेरा टक्के होते. आरोपीला पंचांत बसू न देण्याचा हा प्रकार आहे. एफएफएमपेगमध्ये लुकलुक घालवणारी चाळणी आहे. ती पाच चित्रांची साधी सरासरी घेऊनच काम सुरू करते. पद्धत बदलून मध्यक निवडता येतो आणि चित्रांची संख्याही वाढवता येते. बहुसंख्य वापरकर्ते मात्र ती जशी मिळाली तशीच लावतात आणि नाक मुरडतात.

खरी कसोटी पुढे आहे. खाडीवर पाचशे रोहित पक्षी एकाएकी उठले आणि अर्धी चौकट त्यांच्या फिकट पंखांनी भरली, तर त्या चित्राचा सरासरी उजेड खरोखरच वाढतो. सॉफ्टवेअरला हे पक्षी आहेत हे कळत नाही. ते त्याला लुकलुक समजते आणि सारे चित्र काळवंडवते. पक्षी उठताच किनारा अंधारतो. तीच गत समोरून दिवे लावून येणाऱ्या लोकलची. यावर उपाय म्हणजे उजेड संपूर्ण चौकटीचा न मोजता, जेथे हालचाल होत नाही अशा तुकड्याचाच मोजायचा : पुलाचा खांब, समोरच्या इमारतीची भिंत, काठावरचा दगड. काही खास सॉफ्टवेअरमध्ये असा चौकोन आखता येतो. ज्यांत येत नाही, त्यांत मूळ चित्रांतून तेवढाच तुकडा कापून वेगळी मालिका करावी, तिच्यावरून प्रत्येक चित्राचा गुणक काढावा आणि तो पूर्ण चित्राला लावावा. काम किचकट आहे, पण एका संध्याकाळी जमते.

ढगांच्या सावल्यांबाबत मात्र सबुरी हवी. जूनमधल्या खाडीवर ऊन-सावलीचा जो खेळ चालतो, तो दोष नव्हे. तो पुसून गुळगुळीत केलेला पावसाळा पाहायला कोण कशाला बसेल?

फडके रोडची पहाट

नरक चतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईची जी गर्दी उसळते, ती चित्रमालिकेसाठी उत्तम विषय आहे आणि तितकाच कठीणही. साडेपाचला रस्त्यावर दिव्यांचा उजेड असतो, सात वाजता ऊन. प्रस्तुत प्रतिनिधीने एका दिवाळीत स्नेह्याच्या गॅलरीतून हा प्रयोग केला, तेव्हा पहाटेची चित्रे पट्टेदार आणि पिवळी-हिरवी आली. कारण नंतर उमगले. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो. त्यामुळे अनेक दिवे सेकंदात शंभरदा मंद-तेज होतात. शटर एक पाचशेअंश सेकंदावर असेल, तर कधी तेज क्षण सापडतो, कधी मंद. ते एक पन्नासांश किंवा एक शंभरांशावर ठेवले, तर दर चित्रात पूर्ण फेरा येतो आणि हा दोष मुळातच उरत नाही. सॉफ्टवेअरने तो नंतर निस्तरणे जवळपास अशक्य आहे, कारण पट्टे प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात.

दुसरी अडचण उजाडण्याची. कॅमेऱ्याचा उजेड टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांत सर्वांत लहान पायरी एक तृतीयांश ‘स्टॉप’ची असते. म्हणजे प्रत्येक पायरीला उजेड सुमारे पाचव्या हिश्शाने एकदम घटतो. पहाट जिना उतरल्यासारखी दिसते. यावर गुंथर वेग्नर या जर्मन छायाचित्रकाराने बनवलेल्या ‘एलआरटाइमलॅप्स’ने चांगला तोडगा काढला. प्रत्येक चित्राची नोंद वाचून दोन पायऱ्यांमधल्या चित्रांना थोडा थोडा वाढता किंवा घटता उजेड द्यायचा, म्हणजे जिन्याचा उतार होतो. हे काम लाइटरूमच्या जोडीने चालते आणि ‘रॉ’ चित्रांवर उत्तम जमते.

नांगर कशात रोवायचा?

थरथर घालवण्यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रात ठळक खुणा शोधते आणि त्या एकमेकींवर बसवते. खाडीच्या चित्रात सर्वाधिक खुणा पाण्याच्या कडेवर आणि तिवरांच्या पानांत सापडतात आणि या दोन्ही हलत्या गोष्टी आहेत. नांगर पाण्याच्या रेषेत रोवला गेला, तर पाणी स्थिर राहते आणि किनारा खाली बुडताना दिसतो! म्हणून जुळणीच्या वेळी हलणारा भाग झाकून पलीकडचा पूल किंवा इमारतीच तेवढ्या उघड्या ठेवाव्यात.

महिनोन्‌महिने चालणाऱ्या नोंदीत ही काळजी अधिकच लागते. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. असे काम रोज एका चित्राने टिपायचे, तर कॅमेरा दररोज नव्याने बसतो. चौकट दोन बोटे इकडे-तिकडे होणारच. जो पूल पाडला आणि बांधला जात आहे, त्यावर जुळणी करून भागत नाही. त्याच्या मागची जुनी चाळ किंवा पाण्याची टाकी हेच खरे नांगर. मोफत मिळणाऱ्या ‘ह्यूजिन’मध्ये अशा खुणा हाताने नेमून देता येतात.

शेवटी अडते ते एका अंकापायी. ६००० बाय ४००० ठिपक्यांचे छायाचित्र रुंद पडद्याच्या सोळा-नऊ प्रमाणात कापले, की उंची ३३७५ येते. ही विषम संख्या आहे आणि चित्रफितींच्या प्रचलित एच-२६४ पद्धतीत रंगांची माहिती दोन-दोन ठिपक्यांच्या जोडीने साठवली जाते. उंचीला दोनाने भाग जात नाही, असे सांगून साधन नकार देते. हीच ती सुरुवातीला उल्लेखलेली अगम्य इंग्रजी ओळ. एक ओळ कापून ३३७४ करावी किंवा सरळ १९२० बाय १०८० वर आणावे, प्रश्न मिटतो.

हल्ली सॉफ्टवेअरमध्ये एक नवी सोय आली आहे. दोन छायाचित्रांच्या मधली, मुळात न घेतलेली चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे तयार करून ती चित्रफीत मुलायम करते. लग्नाच्या चित्रणाला ती खुशाल वापरावी. खाडीच्या नोंदीत मात्र ती धोक्याची आहे. तीस सेकंदांच्या खंडात थवा कोठून कोठे गेला, हे कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसते. सॉफ्टवेअर अंदाजाने पक्षी रंगवते, दोन पक्ष्यांचा एक करते, एकाचे दोन करते. उद्या या चित्रफितीवरून कोणी पक्षी मोजू लागला किंवा कांदळवनात भराव केव्हा पडला हे दाखवण्यासाठी ती पुढे केली, तर तिच्यातले कोणते चित्र खरे, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. मूळ ‘रॉ’ फायली, त्यांतील वेळेची नोंद आणि कोणत्या सुधारणा केल्या याची टिपणे हाताशी असतील, तरच त्याला उत्तर देता येते. ७२० चित्रांच्या मूळ फायलींना प्रत्येकी पंचवीस-तीस एमबी धरले, तरी वीस जीबीच्या आसपास जागा लागते. एका लहानशा पेन ड्राइव्हवर सारी भरती मावते. मोबाइलचा तयार ‘टाइम-लॅप्स’ मात्र बहुधा चित्रफीतच ठेवतो आणि मूळ चित्रे टाकून देतो. तेव्हा खाडीवर मोबाइल घेऊन जाणाऱ्यांनी ठरावीक अंतराने सुटी छायाचित्रे टिपणारे अॅप निघण्यापूर्वीच बसवून घ्यावे आणि भरतीची वेळ पाहूनच घर सोडावे.